हिचं आहे, टाकू नये

मी एक नोंदवही बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. मला हातात घेणारा माणूस बहुधा आधी शेवटची कोरी पानं चाळतो. त्याच्या बोटांवरूनच मला कळतं, हा फाडणार. कुणाला यादी करायची असते, कुणाला डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी सारायची असते. तुम्ही तसे नसालही. पण मी जपूनच बोलेन.

माझा जन्मच संशयाच्या मुहूर्तावर झाला. छापखान्यात ज्या दिवशी माझी पानं आखली गेली, त्या दिवशी आखणी करणारा आपल्या मेहुण्यावर पेटलेला होता. मेहुण्याने न विचारता त्याची सायकल नेली असा त्याला दाट संशय होता. तोंड मेहुण्यावर, हात यंत्रावर आणि लक्ष भलतीकडेच. कागद सरकला आणि माझे पाचही रकाने तिरके आले. क्रमांक, नाव, वय, शरीराचा भाग, शेरा. सगळे डावीकडे कललेले, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं कान देऊन ऐकताहेत.

एका दवाखान्याच्या एक्स-रे विभागासाठी आम्ही बारा बहिणी निघालो होतो. अकराजणी कामाला लागल्या. मला पाहून स्टोअर सांभाळणारे काका म्हणाले, "ही वाकडी कुणाच्या गळ्यात मारायची?" आणि मी वरच्या फळीवर पडले.

वर्षभराने एक मुलगी आली. बावीसेक वर्षांची, एक्स-रे विभागात नुकतीच लागलेली.

"काका, ती वरची वही कुणाला नको असेल तर मी घेऊ?"

"कशाला?"

"लिहायला."

"काय लिहायला?"

"असंच."

काकांनी तिला चष्म्यावरून पाहिलं. मीही पाहिलं. 'असंच' म्हणणारी माणसं काहीतरी लपवत असतात, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

त्या काळी एक्स-रे काढला की लगेच दिसत नसे. फिल्म अंधाऱ्या खोलीत न्यायची, औषधाच्या हौदात बुडवायची, धुवायची, चिमट्याला लावून वाळत घालायची. मधे काही मिनिटं नुसतं उभं राहायचं. त्या खोलीत एक लाल दिवा असे, एवढासा. त्या उजेडात ती मला उघडी आणि लिही. बाहेर रुग्ण तिला 'फोटोवाली बाई' म्हणत. आत ती कोण होती, ते फक्त मला ठाऊक होतं.

ती कविता लिहायची. माझे रकाने तिने मुळीच जुमानले नाहीत. ओळ क्रमांकापासून सुरू व्हायची, नाव आणि वय ओलांडून शरीराच्या भागावर जाऊन टेकायची. शेऱ्याचा रकाना मात्र ती रिकामा ठेवी आणि कविता संपली की तारीख टाकून तिथे दोन-तीन शब्द लिही. 'आज आलास.' किंवा, 'आज आला नाहीस.'

हा कोण? मी पुष्कळ दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्या खोलीत एकच पुरुष यायचा, तिथले मोठे डॉक्टर. मी त्यांच्यावर संशय घेतला. पण ते यायचे तेव्हा ती मला खणात सारायची, आणि ते गेल्यावर लिहायची, 'आज आला नाहीस.' मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. ती देवाशी बोलत होती. कोणत्या देवाशी, ते तिने कधी लिहिलं नाही. नाव नाही, रूप नाही, नुसता 'तू'.

एक कविता मला तोंडपाठ आहे.

*तू काचेच्या पलीकडे, मी अलीकडे.*
*श्वास रोख म्हणालास तर रोखीन,*
*हलू नको म्हणालास तर हलणार नाही.*
*फक्त 'सोड' म्हणायला विसरू नकोस.*

तिचं लग्न झालं. नवरा बस आगारात मेकॅनिक. नखांत कायम काळं तेल, बोलणं मोजकं. नवरा म्हटल्यावर हा मला उघडणार, वाचणार आणि घर डोक्यावर घेणार, असं मी गृहीतच धरलं होतं. पण त्याने मला कधी हात लावला नाही. ती लिहीत असली की तो चहाचा कप तिच्यापासून जरा लांब ठेवी, माझ्यावर सांडू नये म्हणून. मला वाटलं, हा पाळत ठेवतोय. माझा स्वभावच तसा.

पाच वर्षं पाळणा हलला नाही. त्या पाच वर्षांतल्या कविता मी कुणाला वाचून दाखवणार नाही. मग एका दिवशी तिने शेऱ्यात लिहिलं, 'आज आलास. इतक्या वर्षांनी. आधी कुणाला सांगू?' साडेसात महिन्यांनी मुलगी झाली.

मुलगी दोन वर्षांची असताना हिच्या स्वतःच्या धाकट्या भावाला खोकला लागला. भाऊ चोवीस वर्षांचा, टेलिफोनच्या खांबांवर चढून तारा जोडणारा. भाचीला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचा. खांबावर चढताना धाप लागते म्हणाला, तेव्हा हिनेच त्याला दवाखान्यात आणलं, हिनेच एक्स-रे काढला. लाल दिव्याखाली फिल्म हौदात सोडली. तेवढा सगळा वेळ तिने मला उघडलं नाही, नुसती छातीशी धरून उभी राहिली. आधी बरगड्या आल्या. मग हृदय आलं. आणि मग डाव्या बाजूला ते आलं, जे यायला नको होतं.

डॉक्टरांच्या आधी तिला कळलं होतं. बाहेर बाकावर भाऊ पाय हलवत बसला होता.

चार महिन्यांनी तो गेला. तेराव्या ओळीवर अर्धवट सोडलेल्या कवितेच्या पुढे तिने शेऱ्यात लिहिलं, 'आला नाहीस.' 'आज' हा शब्द तिने लिहिला नाही. मला मिटलं आणि रद्दीच्या गठ्ठ्यात घालून वर सुतळीची गाठ मारली.

सकाळी रद्दीवाला यायचा होता. तो यायच्या आधी तिच्या नवऱ्याने गाठ सोडली. हात फडक्याला पुसले, मग मला बाहेर काढलं. वाचलं नाही. एक्स-रे ठेवायचा मोठा खाकी लिफाफा घेतला, त्यात मला सरकवलं, वरच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, 'हिचं आहे, टाकू नये', आणि माळ्यावर जुन्या फिल्म्सच्या ढिगात ठेवून दिलं. तिला तो कधीच बोलला नाही. बोलणं त्याला जमत नसे.

तिथे मी एकतीस वर्षं होते. फिल्म्सना औषधाचा आंबूस वास असतो, तो माझ्यातही मुरला. खालचे आवाज तेवढे ऐकू येत. मुलीचं पाठांतर, भांडणं, तिच्या लग्नाची गडबड, मग शांतता. मग एक दिवस खूप माणसं आणि हळू आवाज. त्यानंतर मेकॅनिकच्या चपलांचा आवाज कधी आला नाही.

त्याला दोन वर्षं झाल्यावर ती न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे. लेक रजा काढून आईकडे राहायला आली. डॉक्टर म्हणाले, याच मनगटाला पूर्वी काही झालं होतं असं दिसतं, जुने एक्स-रे असतील तर आणा. लेक माळ्यावर चढली आणि मी तिच्या हाती लागले.

आता या लेकीविषयी सांगायला हवं. ती विमा कंपनीत दावे तपासते. खरं कोण, खोटं कोण, सही कुणी केली, तारीख कुणी मागे टाकली, हे शोधणं हेच तिचं काम. म्हणजे मी संशयी, ती पगारी संशयी.

तिने स्टुलावर बसूनच मला वाचलं. पहिल्यांदा हसू होतं चेहऱ्यावर. 'आई कविता करायची!' मग शेऱ्यांचा रकाना दिसला. 'आज आलास.' 'आज आला नाहीस.' 'चार दिवस झाले, कुठे आहेस?' तिचं हसू गेलं. तिने पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आणल्या आणि पानापानाला लावत गेली. लग्नाआधीची पानं. लग्नानंतरची पानं. मग ते पान. 'आज आलास. इतक्या वर्षांनी. आधी कुणाला सांगू?' तिने तारीख पाहिली. बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. साडेसातच भरत होते, पण संशय हिशेबाने थांबत नाही.

मग लिफाफा उलटा करून पाहिला आणि त्यावरचं अक्षर ओळखलं.

"बाबांना माहीत होतं," ती पुटपुटली.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण वहीला तोंड असतं ते दुसऱ्याने उघडायचं.

पुढचे आठ दिवस त्या घरात दोन बायका एकमेकींकडे चोरून पाहत होत्या. लेक जेवताना सहज विचारल्यासारखं विचारी, "आई, तुमच्या वेळी डॉक्टर कोण होते गं? तरुण होते का?" "बाबा रात्रपाळीला असायचे तेव्हा तू एकटीच असायचीस?" आरशासमोर उभी राहून ती स्वतःचं नाक निरखून बघे, मग भिंतीवरच्या बापाच्या फोटोतलं. आईला वेगळाच संशय. ही माळा आवरते, जुन्या चौकशा करते, फोनवर हळू बोलते. दुपारी शेजारणीला ती म्हणाली, "घर विकायचा बेत दिसतोय हिचा. मला कुठेतरी नेऊन टाकतील."

"विचारून टाका ना सरळ," शेजारीण म्हणाली.

"विचारलं आणि हो म्हणाली तर?"

त्याच कारणाने लेकही विचारत नव्हती.

शेवटी लेकीने मोठ्या डॉक्टरांचा पत्ता काढला. मला पिशवीत घालून ती त्यांच्याकडे गेली. डॉक्टर ऐंशीच्या घरात, बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होते. मला पाहताच ते झारी ठेवून खुर्चीत ताठ बसले.

"ही अजून आहे? मला ठाऊक होतं, ती सगळं लिहून ठेवायची!"

लेक पुढे सरकली. "काय सगळं?"

"माझं उशिरा येणं! मी आत गेलो की ही वही खणात. मी बाहेर पडलो की बाहेर. एकदा उघडी राहिली होती, मी वाचलं. 'आज आला नाहीस.' त्या तारखेला मी खरंच गेलो नव्हतो! तेव्हापासून मी चार वर्षं वेळेवर जात होतो. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय काय?"

लेकीला हसावं की रडावं कळेना. "पण 'नाहीस' लिहिलंय, डॉक्टर. 'नाहीत' नाही. ती तुम्हाला तू म्हणायची?"

डॉक्टरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. त्यांनी हे इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. "मला? छे! तिने मला कधी 'सर' सोडून हाक मारली नाही." ते थोडे हिरमुसले. "मग मी उगीचच वेळेवर गेलो म्हणायचं."

म्हणजे डॉक्टर नव्हते. पण कुणीतरी होतं, आणि ते अजून वाईट होतं. घरी येताना लेक इतक्या घट्ट हाताने मला धरून होती, की माझी शिवण दुखली.

घरात शिरल्या शिरल्या तिने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. आई डाव्या हाताने बटाटे सोलायचा प्रयत्न करत होती.

"हा कोण, आई?"

आईने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. लेक तेच बघत होती. तिच्या धंद्यात चेहरा पांढरा पडला की अर्धं काम होतं.

"ही कुठे मिळाली तुला?"

"आधी माझं उत्तर दे. कोण यायचा? आणि हे," तिने ते पान उघडलं, आवाज फुटला, "माझ्या जन्माच्या आधीचं. मी कुणाची आहे, आई? बाबांची आहे ना?"

आईला कळायलाच थोडा वेळ लागला. मग ती खुर्चीत बसली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "देव आहे तो."

"देव? येतो आणि जातो?"

"माझा यायचा. फिल्म धुताना. नाही यायचा कधीकधी. मी नोंद ठेवायची." तिने डाव्या हाताने ते पान स्वतःकडे ओढलं. "या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तू पोटात आहेस म्हणून. एक्स-रेच्या खोलीत पाय टाकायचा नाही, म्हणाल्या. मला बाहेर नावनोंदणीच्या खिडकीवर बसवलं, रुग्णांना चिठ्ठ्या फाडून द्यायला. दिवसभर चिठ्ठ्या फाडत होते आणि हसत होते. कोण आलं होतं, देव की तू, ते मला त्या दिवशी वेगळं करता आलं नाही बघ."

लेकीने माझ्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला सुरुवात केली. मग अचानक थांबली.

"मग बाबांनी लपवून का ठेवली?"

"बाबांनी? मी तर ही रद्दीत दिली होती. तुझा मामा गेला तेव्हा."

लेकीने लिफाफा पुढे केला. आईने चष्मा लावला. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं, पण वाचता येत होतं. तिने त्यावर अंगठा फिरवला, मग अंगठ्याने पुसलं जाईल म्हणून झटकन काढून घेतला. ती रडली, पण आवाज न करता, तोंड उघडं ठेवून. बटाटे तसेच राहिले. त्या दिवशी दोघींनी पाव खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून ती मला वाचू लागली. तिला वाटलं तितकं आवडलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. "अरे देवा," ती लेकीला म्हणाली, "बघ, चरण आलं की लगेच शरण. आणि मग बिचारं मरण मागे लागलंच!" दोघी हसल्या. कधी तिच्या कपाळावर आठी येई. "ही मुलगी किती सरळ विश्वास ठेवायची गं. मला हिचा संशयच येतो. कशावरून मीच ही?" ती स्वतःच्या अक्षरावर बोट ठेवून पाही.

पण मधेच एखादी ओळ आली की ती थांबे. ओठ हलत. एकदा म्हणाली, "इथे 'उजेड' नको होता. 'दिवा' हवा होता." आणि पेन मागितलं. तेव्हा लक्षात आलं, उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे.

"तू सांग, मी बदलते," लेक म्हणाली.

माझ्या अंगावर पहिल्यांदा दुसऱ्याचं अक्षर उमटलं. टोकदार, घाईचं, अर्जावरचं. मी अंग चोरलं. पण एका शब्दावर थांबलं नाही. आईने त्या अर्धवट कवितेचं पान काढलं, तेरा ओळींचं.

"ही पुरी नाही करायची," ती म्हणाली. "ती कविता मागणीची होती. आता मागायला काही उरलं नाही. नवीन पान घे."

ती थांबत थांबत सांगत गेली, लेक लिहीत गेली.

*त्याला म्हणाले, शर्ट काढ, प्लेट गार लागेल जरा.*
*तो म्हणाला, ताई, प्लेट नाही, तुझे हात गार आहेत.*
*तू होतास का तिथे? मला शंका आहे.*
*असशील तर एवढंच सांग,*
*माझे हात कुणाला धरून होते?*

लेकीचं पेन थांबलं. मामाबद्दल तिने घरात कधी एवढं ऐकलं नव्हतं. भिंतीवरचा एक फोटो, बस.

"तू अजून मानतेस त्याला, आई?"

"भांडतेय, एवढं खरं. नसलेल्या माणसाशी कुणी इतकं भांडत नाही." मग तिने स्वतःच मान हलवली. "की भांडतं? नीट माहीत नाही मला. लिहून बघते."

प्लॅस्टर निघालं तेव्हा मनगट काडीसारखं झालेलं होतं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. तिने चेंडू बाजूला ठेवला आणि मला उघडलं. अक्षरं पहिल्यांदा पडली-उठली. माझ्या तिरक्या रेघांवर ती तिरकी दिसली नाहीत, हे काय कमी? लेक आपल्या घरी गेली, पण दर रविवारी फोन येतो. आई वाचून दाखवते. लेक दावा तपासल्यासारखी ऐकते. "हे पटत नाही आई. हे तू छान वाटावं म्हणून लिहिलंयस." आई चिडते, फोन ठेवते आणि तासाभराने ती ओळ खोडते.

आता माझी आठ पानं उरली आहेत. मला सवयीप्रमाणे भीती वाटते. कपाटात लेकीने एक नवी वही आणून ठेवली आहे, गुळगुळीत, सरळ रेघांची. ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे. पानं संपली की मला पुन्हा माळ्यावर जावं लागेल. जाईन. या वेळी कुणी फेकलेली म्हणून नाही, भरलेली म्हणून जाईन, त्यात फरक आहे.

तुमच्याकडे कुणाची जुनी वही असेल आणि त्यातला 'तू' तुम्हाला अनोळखी वाटला, तर संशय खुशाल घ्या. मी तरी तुम्हाला कुठल्या तोंडाने नको म्हणू? पण तो घेऊन आठ दिवस फिरू नका. ज्याची वही त्याच्यासमोर ठेवा, आणि लिहिणारा हात हाताशी आहे तोवर विचारा.

बाकी काही मागणं नाही. ती खुर्ची ओढतेय, पेनाचं टोपण काढलंय. सकाळपासून तिला एक शब्द सापडत नव्हता, आता सापडला असावा, चेहऱ्यावरून तरी तसं वाटतंय. कदाचित खोडेलही. पण तो उतरेपर्यंत मला गप्प राहायला हवं.